आफ्रिकेतील तरुण संशोधकांची अनुदाने : खान्देशातून केलेले परीक्षण

उपाहारगृहाचे, दुकानाचे किंवा मोबाइलचे परीक्षण जसे जागोजागी वाचायला मिळते, तसे संशोधन-अनुदानाचे मिळत नाही. ज्याला अनुदान मिळाले तो देणाऱ्याविषयी वावगे बोलत नाही, आणि ज्याचा अर्ज नाकारला गेला त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. वास्तविक अनुदान ही एक सेवा आहे; तिला ग्राहक आहे, अटी आहेत, विलंब आहे आणि गुणवत्ताही आहे. मी जळगावातील एका महाविद्यालयाच्या संशोधन कक्षाचे काम पाहतो आणि सिकल सेल, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार अशा दीर्घकालीन आजारांवर काम करू इच्छिणाऱ्या तरुण सहकाऱ्यांचे अर्ज तपासणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा या तालुक्यांत, सिकल सेल परिचित असल्यामुळे या विषयावरील आमचे वाचन आपोआप आफ्रिकेकडे वळते. उत्तर घानातील नवरोंगो किंवा बुर्किना फासोतील नानोरो अशा आडबाजूच्या ठिकाणांहून आलेले उत्तम शोधनिबंध वाचून झाले की शेवटचा ऋणनिर्देश वाचायची मला सवय लागली आहे, आणि तो वाचताना या गावांपर्यंत पैसा कोणी आणि कसा पोहोचवला याचे कुतूहल वाटत राहते. त्या कुतूहलातून हे परीक्षण लिहिले आहे. यात रकमेला मी कमी महत्त्व दिले आहे. अनुदान किती वर्षांचे आहे, पैसा कोणाच्या नावावर येतो आणि संशोधकाच्या वेळेचा व त्याच्या संस्थेतील कार्यालयाचा भार ते उचलते का, या गोष्टींना अधिक दिले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार आफ्रिका विभागातील एकूण मृत्यूंमध्ये असंसर्गजन्य आजारांचा वाटा २००० साली २४ टक्के होता, तो २०१९ मध्ये ३७ टक्क्यांवर गेला. संशोधनाचा पैसा मात्र बराच काळ एचआयव्ही, क्षयरोग आणि हिवताप यांच्याभोवती फिरत राहिला. युरोपीय देशांनी २००३ साली आफ्रिकी देशांबरोबर औषध-चाचण्यांसाठी जी भागीदारी उभी केली, तिचा जन्मच या तीन आजारांसाठी झाला होता. त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण पाहता त्यात गैर काही नव्हते. परंतु त्यामुळे ज्या तरुण डॉक्टरला उच्च रक्तदाबावर किंवा पक्षाघातावर काम करायचे होते, त्याला अर्ज करायला दारे फार थोडी उरली.

या परिस्थितीत खरा बदल घडवला तो ‘ह्यूमन हेरेडिटी अँड हेल्थ इन आफ्रिका’ म्हणजे एच३आफ्रिका या उपक्रमाने. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २०१० साली त्याची घोषणा केली, २०१२ पासून अनुदाने सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, तो संपला. या काळात सुमारे १७.६ कोटी डॉलर खर्च झाले. रकमेपेक्षा महत्त्वाची होती ती अट: प्रकल्पाचा मुख्य संशोधक आफ्रिकेतील संस्थेत काम करणारा असला पाहिजे आणि पैसा थेट त्या संस्थेकडे गेला पाहिजे. तोपर्यंतची रीत अशी होती की रक्ताचे नमुने आफ्रिकेतून जात, विश्लेषण युरोप-अमेरिकेत होई आणि स्थानिक डॉक्टरचे नाव लेखकांच्या यादीत कोठेतरी मधोमध येई. आपल्याकडे यालाच उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. एच३आफ्रिकाने नमुने साठवण्यासाठी युगांडा, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका येथे जैवनमुना-भांडारे उभारली, माहितीच्या विश्लेषणासाठी केप टाउनहून चालणारे एच३एबायोनेट हे जाळे विणले, आणि माहिती जगासाठी खुली करण्यापूर्वी ती गोळा करणाऱ्यांना स्वतः विश्लेषण करून निबंध लिहिण्यासाठी राखीव मुदत दिली. ही शेवटची तरतूद कागदावर किरकोळ दिसते. पण पीएच.डी. नुकतीच पूर्ण केलेल्या आणि मंद इंटरनेटवर काम करणाऱ्या संशोधकाला केंब्रिज किंवा बॉस्टन येथील शंभर जणांच्या गटाशी शर्यत लावायला सांगणे म्हणजे शर्यतच न लावणे होय, हे ज्याने ओळखले त्या अधिकाऱ्याला मी मनातून नमस्कार केला.

या पैशातून काय निघाले, हे परीक्षणात सांगितलेच पाहिजे, कारण सेवेची पारख शेवटी तेथे होते. एपीओएल१ या जनुकाची दोन रूपे मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढवतात, हे २०१० साली अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून पुढे आले होते. हीच रूपे निद्रारोग घडवणाऱ्या परजीवीपासून संरक्षणही देतात, म्हणून ती पश्चिम आफ्रिकेत इतकी पसरली. प्रत्यक्ष पश्चिम आफ्रिकेत धोका किती, याचे मोठे उत्तर मात्र एच३आफ्रिकाच्या मूत्रपिंड-गटाने २०२४ मध्ये दिले. नायजेरिया आणि घाना येथील त्या अभ्यासात या जनुकाच्या दोन्ही प्रती धोकादायक असलेल्यांमध्ये जुनाट मूत्रपिंड-विकाराची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि एकच प्रत असणाऱ्यांनाही काही धोका असतो असे दिसले. या दुसऱ्या निष्कर्षाने आधीची समजूत बदलली. पक्षाघातावरील ‘सायरन’ या अभ्यासाने, ज्याचे नेतृत्व नायजेरियातील इबादान येथील मायोवा ओवोलाबी यांनी केले, नायजेरिया आणि घानामधील दोन हजारांहून अधिक रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी तुलना केली आणि २०१८ साली जी कारणे मांडली त्यांत उच्च रक्तदाबाबरोबर हिरव्या पालेभाज्या कमी खाणे हेही होते. (शेवभाजीवर वरून कितीही कोथिंबीर पेरली तरी तिला पालेभाजी म्हणता येणार नाही, हे खान्देशी वाचकांसाठी खेदपूर्वक नोंदवतो.)

त्याच उपक्रमातील ‘अवी-जेन’ हा प्रकल्प मला सर्वांत उपयुक्त वाटतो. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून मिशेल रॅम्से यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या प्रकल्पात दक्षिण आफ्रिका, केनिया, घाना आणि बुर्किना फासो या चार देशांतील सहा केंद्रांवर, मुख्यतः ४० ते ६० या वयोगटातील, सुमारे १२,००० स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. दक्षिण आफ्रिकेतील केंद्रांवर स्त्रियांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण फार मोठे, तर नानोरो आणि नवरोंगो येथे अगदी थोडे, असे चित्र त्यातून उभे राहिले. ‘आफ्रिकेतील आजार’ असा एकच ठोकळा डोळ्यांसमोर ठेवून धोरण आखणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. शिवाय नवरोंगो येथे आधीपासून गावागावांतील जन्म-मृत्यूंची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणारे केंद्र होते, म्हणून तेथे नवे अनुदान आले तेव्हा तरुण संशोधकाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने अशीच नोंद-व्यवस्था चालवली आहे. अशा पायावर अनुदान पडले की ते रुजते.

एच३आफ्रिकातील उणीव अशी की त्याला शेवटची तारीख होती आणि तिच्यापुढची वाट पुरेशी आखलेली नव्हती. भांडारातील शीतकपाट २०२२ नंतरही वीज खात राहते आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाला पगार लागतोच. एनआयएचने २०२१ मध्ये आफ्रिकेतील विदाविज्ञानासाठी (डेटा सायन्ससाठी) नवा उपक्रम सुरू केला खरा, पण त्याचा रोख वेगळा होता. दहा वर्षांत उभे राहिलेले तरुण संशोधक पुन्हा नव्या आवाहनाच्या भाषेत स्वतःला बसवू लागले.

कार्टा या उपक्रमाविषयी आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. नैरोबी येथील आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठ यांनी २००८ साली अनेक आफ्रिकी विद्यापीठांना एकत्र आणून तो उभा केला. सार्वजनिक आरोग्य आणि लोकसंख्या या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या, विद्यापीठात आधीच नोकरीत असलेल्या अध्यापकांना त्यात घेतले जाते. चार टप्प्यांत एकत्रित प्रगत शिबिरे होतात: प्रस्ताव कसा बांधायचा, माहिती कशी हाताळायची, प्रबंध कसा लिहायचा, आणि पदवीनंतर स्वतःचा संशोधन-गट कसा चालवायचा. पदवी घेऊन स्वतःच्या विभागात परतल्यावर काम थांबू नये म्हणून पुनःप्रवेश-अनुदान मिळते. यापलीकडे कार्टा मार्गदर्शकांना प्रशिक्षण देते, आणि ग्रंथपाल, लेखापाल, कुलसचिव कार्यालयातील कर्मचारी यांनाही देते.

आपल्या महाविद्यालयांतून ज्यांनी एखादे अनुदान चालवले आहे, त्यांना हे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटेल. रसायनांची खरेदी निविदेच्या नियमांत कशी बसवायची, उपयोगिता प्रमाणपत्र कधी द्यायचे, प्रकल्प-साहाय्यकाची नेमणूक कोणत्या मथळ्याखाली दाखवायची, याचे ज्ञान कार्यालयात नसले की संशोधकाचे पहिले वर्ष नस्तीमागे धावण्यात जाते. दोष त्या कारकुनाचा नसतो. त्याला कोणी शिकवलेले नसते. कार्टाने ही गोष्ट दूरच्या दात्याच्या नजरेने पाहिली नाही, विद्यापीठाच्या वऱ्हांड्यात उभे राहून पाहिली. म्हणून त्याची रक्कम मोठी नसली तरी मी त्याला पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण राखून ठेवला तो विषयासाठी: प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञाला यात जागा मिळणे अवघड आहे.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध-कंपनीची असंसर्गजन्य आजारांसाठीची ‘आफ्रिका ओपन लॅब’ ही वेगळ्या जातीची सेवा आहे. कंपनीने मार्च २०१४ मध्ये आफ्रिकेसाठी जी १३ कोटी पौंडांची पंचवार्षिक गुंतवणूक जाहीर केली, तिच्यातील २.५ कोटी पौंड या प्रयोगशाळेसाठी होते. याआधी स्पेनमधील त्रेस कांतोस येथे कंपनीने बाहेरच्या शास्त्रज्ञांना आपली प्रयोगशाळा खुली केली होती. आफ्रिकेसाठीचे केंद्र इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथे राहिले, संशोधन मात्र आफ्रिकी विद्यापीठांतच करायचे होते. ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदाही पहिल्या टप्प्यात सहभागी होत्या, आणि पुढे नवख्या संशोधकांकडे विशेष लक्ष दिले गेले. पैशाबरोबर कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ आणि औषधनिर्मितीतील अनुभवी माणसे सल्ल्यासाठी मिळतात, हा या योजनेचा सर्वांत मोठा गुण आहे. चाचणीची आखणी करताना नमुन्याची संख्या ठरवण्यात चूक झाली तर तीन वर्षांचे काम वाया जाते, आणि ती चूक दाखवणारा माणूस लहान विद्यापीठात सहसा नसतो.

शंका दोन. औषध विकणारी कंपनी विषय निवडण्यात पूर्णपणे तटस्थ राहू शकते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. निष्कर्ष खुले ठेवण्याचे धोरण त्यावरचा अर्धा उतारा आहे, पूर्ण नाही. कोणते प्रश्न विचारले गेलेच नाहीत, हे खुल्या निष्कर्षांतून कळत नसते. दुसरे असे की कंपनीचे प्राधान्यक्रम संचालक मंडळाच्या बैठकीत बदलतात, आणि पीएच.डी.नंतरची दहा वर्षे त्या वेळापत्रकावर उभी करण्यात धोका आहे. तरीही कोणा आफ्रिकी सहकाऱ्याने विचारले तर मी अर्ज करायलाच सांगेन. फक्त प्रश्न आपला आहे की त्यांचा, हे आधी स्वतःशी पक्के करून.

वेलकमच्या ‘अर्ली-करिअर अवॉर्ड’विषयी लांबण लावत नाही. संशोधकाचा पगार, त्याशिवाय खर्चासाठी चार लाख पौंडांपर्यंतची रक्कम आणि साधारण पाच वर्षांचा अवधी, हे एवढे चांगले पॅकेज दुसरीकडे विरळा. आफ्रिकेतील संस्थेतून थेट अर्ज करता येतो. भारत आणि चीन वगळून इतर अल्प व मध्यम उत्पन्न देशांना ते खुले आहे; भारतासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम यांची ‘इंडिया अलायन्स’ ही वेगळी व्यवस्था आहे. उणीव उघड आहे: स्पर्धा जागतिक असल्यामुळे जे आधीच नैरोबी, केप टाउन किंवा कंपाला येथील नामांकित केंद्रांत आहेत त्यांचेच पारडे जड होते. नवरोंगोच्या तरुणाने येथे यश मिळवले तर मी त्याचे अभिनंदन करीन, पण त्याला आधी कार्टासारख्या शिडीवरून चढावे लागेल.

रॉयल सोसायटी आणि आफ्रिकन अकॅडमी ऑफ सायन्सेस यांच्या ‘फ्लेअर’ या अधिछात्रवृत्तीने २०१९ पासून वर्षाला दीड लाख पौंडांपर्यंत, दोन वर्षांसाठी दिले. रक्कम भरघोस, काळ अपुरा. दीर्घकालीन आजार दोन वर्षांत अभ्यासून होत नाहीत. रुग्णांची नोंदणी आणि नीतिमत्ता समितीची मान्यता यांतच पहिले वर्ष सरते. त्यातच तिचा पैसा ब्रिटनच्या परदेशी मदतीतून येत होता, आणि २०२१ साली त्या सरकारने ही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा या मदतीवर चालणाऱ्या संशोधन-योजनांत मोठा खड्डा पडला. त्याच सुमारास डेल्टाज आफ्रिका या मोठ्या प्रशिक्षण-योजनेचे व्यवस्थापन नैरोबीतील त्या अकॅडमीकडून नव्याने स्थापन झालेल्या ‘सायन्स फॉर आफ्रिका फाउंडेशन’कडे गेले. योजना आफ्रिकेतूनच चालावी हे धोरण योग्य होते आणि नव्या संस्थेनेही ते टिकवले. परंतु मधल्या हस्तांतराचा ताण ज्याच्या हाती काहीच नव्हते त्या अधिछात्राला सोसावा लागतो, हे कोणत्याही दात्याच्या वार्षिक अहवालात सापडत नाही.

एनआयएचच्या फोगार्टी केंद्राचा ‘इमर्जिंग ग्लोबल लीडर’ पुरस्कार, ज्याला अर्जदार के४३ म्हणतात, तो तीन ते पाच वर्षांचा असतो. एक मार्गदर्शक अमेरिकेतील आणि एक स्वतःच्या देशातील असावा लागतो, आणि संशोधकाने आपल्या कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ या कामाला द्यावा अशी अट असते. या अटीवर आमच्या एका सहकाऱ्याने लगेच विचारले, “सर, पैसे मिळतीलही, पण माझे तास कोण घेणार?” प्रश्न रास्त होता. आफ्रिकेतही तोच विचारला जातो, कारण तेथील वैद्यकीय महाविद्यालयांतही एका अध्यापकावर वर्ग, वॉर्ड आणि परीक्षा यांचे ओझे असते. अट कडक वाटली तरी ती संशोधकाच्या बाजूची आहे. संस्थेला लेखी कबूल करावे लागते की हा माणूस आठवड्यातले चार दिवस आमचा नाही. कबुली देताना प्राचार्य चिडतात, पण एकदा दिली की तिचा आधार मिळतो.

या पुरस्काराची यंत्रणा मात्र जाचक आहे. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी, तिचा विशिष्ट ओळख-क्रमांक, त्यासाठी आधी घ्यावा लागणारा आणखी एक संकेतांक, त्यानंतर एनआयएचच्या ‘ईआरए कॉमन्स’ या अर्ज-प्रणालीतील खाते, आणि दरवर्षी नूतनीकरण. यांपैकी एखादी पायरी अडली की अर्ज वेळेत जात नाही. परदेशी संस्थेला व्यवस्थापन-खर्च म्हणून केवळ ८ टक्के देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे, तर अमेरिकेतील विद्यापीठे एनआयएचच्या नेहमीच्या संशोधन-अनुदानांवर याच कामासाठी कित्येक पट घेतात. कंपालातील वीज बॉस्टनपेक्षा स्वस्त असेल, पण लेखापरीक्षकाची अपेक्षा दोन्हीकडे सारखीच असते. त्यात मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना अमेरिकी अनुदानांतून मिळणारी उप-अनुदाने नवी व्यवस्था होईपर्यंत थांबवली. या एका निर्णयाने कित्येक वर्षांची जुळणी अडचणीत आली, कारण अनेक आफ्रिकी तरुणांची पहिली नोकरीच अशा उप-अनुदानावर अवलंबून होती. सेवा म्हणून विज्ञान उत्तम, ग्राहकाच्या सोयीला पाचपैकी दोन.

छोट्या अनुदानांचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. कर्करोगावर काम करणाऱ्या आफ्रिकी संघटनेने, ऑर्टिकने, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने नवख्या संशोधकांसाठी ‘बिग कॅट’ नावाची अनुदाने दिली आहेत. अशी रक्कम एका प्रश्नाचा पहिला पुरावा उभा करण्यापुरती असते, आणि पुढच्या मोठ्या अर्जात तोच पुरावा कामी येतो. हा उद्देश मला फार शहाणपणाचा वाटतो. मात्र लहान रकमेला मोठ्या रकमेइतकेच अहवाल मागितले तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. यूजीसीच्या जुन्या लघु संशोधन प्रकल्पांचे हिशेब ज्यांनी दिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आणि आफ्रिकी सरकारांचा स्वतःचा पैसा? देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १ टक्का संशोधनावर खर्च करण्याचे उद्दिष्ट आफ्रिकी संघाने ठेवले आहे आणि बहुतेक देश त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आहेत. आपण हसण्याचे कारण नाही. भारताचा हाच आकडा ०.६४ टक्के आहे. तरी दोन योजना पाहण्याजोग्या आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा ‘थुथुका’ कार्यक्रम २००१ पासून, वर्णभेदाच्या काळात ज्यांना दारे बंद होती अशा समाजांतील आणि स्त्री संशोधकांना सुरुवातीच्या काळात आधार देतो, आणि त्यात विद्यापीठालाही आपला वाटा घालावा लागतो. वाटा घातला की विद्यापीठ लक्षही घालते, हा त्यातील मर्म. नायजेरियात कंपन्यांच्या नफ्यावर २०२५ अखेरपर्यंत शिक्षण कर होता. २०११ च्या कायद्याने तो २ टक्के होता आणि त्यातून उभ्या राहिलेल्या टेटफंड या सरकारी निधीतून सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला पैसा जातो. ही व्यवस्था कोणत्याही परदेशी दात्याच्या लहरीवर नाही, म्हणून तिचे मोल मोठे. अडचण चलनाची आहे. जून २०२३ मध्ये नायराचा दर खुला झाल्यावर त्याची किंमत कोसळली, आणि नायरात मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात डॉलरमध्ये विकत घ्यावयाची अभिकर्मके (तपासण्यांची रसायने) बसेनाशी झाली. राष्ट्रीय पैसा स्थिर असतो असे मानणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

आता खान्देशातील वाचकाला याचा उपयोग काय, हे सांगतो. पहिला उपयोग शास्त्रीय आहे. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा येथील सहाशेहून अधिक बालकांवर झालेल्या ‘रीच’ या चाचणीने २०१९ साली दाखवले की हायड्रॉक्सियुरिया या औषधाने सिकल सेलच्या वेदना, रक्त देण्याची गरज आणि मृत्यू कमी होतात, आणि हिवताप वाढेल ही भीती खोटी ठरून उलट तो कमी झाला. पैसा अमेरिकेचा होता, पण निबंधाचे पहिले लेखक काँगोतील किन्शासाचे लेओन त्शिलोलो आहेत. भारतात १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवलेल्या सिकल सेल निर्मूलन अभियानात जे कार्यकर्ते सातपुड्यात फिरतात, त्यांच्या औषधोपचारामागे या चाचणीचेही बळ आहे. आणखी एक गोष्ट मधुमेहाची. सिकल सेलचे वाहक असलेल्यांमध्ये रक्तशर्करा तितकीच असूनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कमी दिसते, हे आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांच्या २०१७ मधील अभ्यासात आढळले. सातपुड्यात वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे. तेव्हा केवळ या तपासणीवर मधुमेह नाही असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी थोडे थांबावे. आपल्याकडचे सिकल सेलचे आनुवंशिक रूप आफ्रिकेतील रूपांहून वेगळे आहे, म्हणून तेथील निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि म्हणूनच येथील तरुण संशोधकाला स्वतःचे अनुदान हवे.

ते मिळवण्याच्या वाटा आफ्रिकेपेक्षा वेगळ्या आहेत. परदेशी पैसा घ्यायचा तर ज्या शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे तिची एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी लागते, पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. याचा अर्थ असा की एका केंद्राने अनुदान घेऊन ते दहा लहान विद्यापीठांना वाटायचे, हा कार्टाचा आणि एच३आफ्रिकातील अवी-जेनसारख्या प्रकल्पांचा गाभाच परदेशी पैशावर येथे उभारता येणार नाही. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी सहभाग असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही घ्यावी लागते. देशातल्या देशात मात्र वाट आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची पंतप्रधान अर्ली करिअर योजना तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत देते, आणि त्याच प्रतिष्ठानच्या ‘पेअर’ योजनेत एक मोठी संस्था केंद्रस्थानी ठेवून राज्य विद्यापीठांना तिच्याशी जोडले जाते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील विभाग आणि जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांनी एकत्र येऊन दीर्घकालीन आजारांवर असा एखादा प्रस्ताव केला, तर त्यात कार्टाची एक तरतूद मी आग्रहाने घालायला सांगेन: प्रकल्पाच्या पहिल्या सहामाहीत तिन्ही जिल्ह्यांतील संशोधकांबरोबर त्यांच्या लेखापालांचेही प्रशिक्षण, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर.

आफ्रिकी संशोधकांशी भागीदारी करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘ग्लोबल अलायन्स फॉर क्रॉनिक डिसीजेस’ हे २००९ पासूनचे दात्यांचे मंडळ पाहण्यासारखे आहे. आयसीएमआर त्याचा सदस्य आहे, दक्षिण आफ्रिकेची वैद्यकीय संशोधन परिषदही आहे, आणि प्रत्येक देशाचा दाता आपापल्या संशोधकाला पैसे देत असल्यामुळे उप-अनुदानाचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज मात्र दोन्ही देशांच्या नियमांत बसवावा लागतो. तेव्हा आवाहन जाहीर होण्याची वाट न पाहता भागीदार आणि प्रश्न आधी ठरवावा, आणि छाननी समितीसाठी लागणारी कागदपत्रे प्रस्तावाबरोबरच तयार करायला घ्यावीत.